अमीटर व व्होल्टमीटर यांची जोडणी

अमीटर हे विद्युत परिपथातील विद्युतधारा मोजणारे, तर व्होल्टमीटर हे परिपथातील दोन बिंदूंमधील विभवांतर मोजणारे उपकरण आहे. अमीटर परिपथात एकसर, तर व्होल्टमीटर समांतर जोडतात. हा भेद त्यांच्या अंतर्गत रोधामुळे पडतो.

रचना

शालेय प्रयोगशाळेतील ही दोन्ही काट्याची उपकरणे मूलतः गॅल्व्हानोमीटर असतात. गॅल्व्हानोमीटरला अत्यल्प रोध (शंट) समांतर जोडल्यास अमीटर आणि मोठा रोध एकसर जोडल्यास व्होल्टमीटर तयार होतो. त्यामुळे अमीटरचा रोध फार कमी व व्होल्टमीटरचा फार जास्त असतो.

जोडणी

मोजावयाची संपूर्ण धारा अमीटरमधून जाते. त्याचा रोध अल्प असल्याने तिच्यात फारशी घट होत नाही. व्होल्टमीटर रोधाच्या दोन टोकांना जोडतात. तो स्वतःमधून नगण्य धारा जाऊ देतो. दोन्हींचे धन अग्र घटाच्या धन अग्राच्या बाजूस असावे. अन्यथा काटा शून्याच्या मागे सरकतो.

चुकीच्या जोडणीचे परिणाम

अमीटर घटाच्या अग्रांना थेट जोडल्यास लघुपथन होते. मोठ्या धारेने उपकरण जळू शकते. व्होल्टमीटर एकसर जोडल्यास उपकरण सहसा बिघडत नाही, पण परिपथ जवळजवळ बंद पडतो. उदाहरणार्थ, 3 व्होल्टच्या घटमालेला 10 ओहमचा रोध जोडल्यास 0.3 अँपिअर धारा वाहते. त्यात 5,000 ओहमचा व्होल्टमीटर एकसर आल्यास ती सुमारे 0.0006 अँपिअर उरते. तरीही व्होल्टमीटर जवळपास 3 व्होल्ट दाखवतो. म्हणून ही चूक चटकन लक्षात येत नाही.

मर्यादा

जोडणी बरोबर असूनही वाचन चुकू शकते. 1,000 ओहमच्या रोधाला 1,000 ओहमचाच व्होल्टमीटर समांतर जोडल्यास त्या भागाचा रोध निम्मा होतो व परिपथाची मूळ स्थिती बदलते. व्होल्टमीटरचा रोध मोजावयाच्या रोधाच्या कित्येक पट असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

वाचन

परिपथ अपूर्ण असताना काटा शून्यावर आहे का, हे प्रथम पाहतात. नसल्यास ती शून्य त्रुटी प्रत्येक वाचनातून वजा करतात. 0 ते 3 व्होल्टच्या मोजपट्टीवर 30 भाग असल्यास लघुत्तम माप 0.1 व्होल्ट येते. तिरप्या नजरेने पाहिल्यास वाचन चुकते. धारेचा अंदाज नसल्यास मोठ्या कक्षेचे उपकरण आधी वापरतात.

दिष्ट धारेची ही शालेय उपकरणे घरातील 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती पुरवठ्याला कधीही जोडू नयेत; त्यात जीवितास धोका असतो.