मालकाविना नांदणारी सूची

आज दूरस्थ बैठकीला बसायचे तर आपल्याला लिंक येते. ती कोणीतरी पाठवलेली असते आणि तिच्यामागे कोणाचा तरी सर्व्हर उभा असतो. बैठकांची यादी सांभाळणारा असा कोणी मध्यस्थच नसेल, तर नवख्याला त्या सापडाव्यात कशा? मल्टिकास्ट सत्रांच्या सूचीचा विषय याच प्रश्नातून जन्मला. तो आडवाटेचा वाटला, तरी वाचकांनी चार पावले सोबत यावे, एवढीच विनंती.

आधी थोडी पार्श्वभूमी. मल्टिकास्टमध्ये पाठवणारा एकच प्रत पाठवतो. वाटा जिथे फुटतात तिथे राउटर तिच्या प्रती काढतात. स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्ये आरएफसी १११२ या दस्तऐवजात ही पद्धत मांडली. यात पत्ता यंत्राचा नसून गटाचा असतो, आणि ज्याला ऐकायचे तो त्या गटात सामील होतो. ऐकणारे कोण, हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते. मग गटाचा पत्ता ऐकणाऱ्याला सांगायचा कोणी?

मार्च १९९२ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफच्या सॅन डिएगोतील सभेचा आवाज इंटरनेटवरून वीस ठिकाणी पोहोचला आणि ‘एमबोन’ हे प्रायोगिक जाळे आकाराला आले. त्यावरील सत्रे शोधण्यासाठी व्हॅन जेकबसन यांनी ‘एसडी’ हे साधन लिहिले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मार्क हँडली यांनी ‘एसडीआर’ घडवले.

या साधनांची युक्ती दवंडीची आहे. सत्र भरवणाऱ्याने २२४.२.१२७.२५४ या ठरलेल्या गटपत्त्यावर आपली जाहिरात पुन्हा पुन्हा पाठवायची. ऐकणाऱ्याचा संगणक त्यांतून स्वतःपुरती यादी बांधतो. दीर्घकाळ पुकारा आला नाही, की नोंद आपोआप गळते. यादीचा मालक नाही. म्हणून ती बंद पडण्याची भीतीही नाही.

याची किंमत मात्र आहे. या पुकाऱ्याचे नियम सांगणाऱ्या आरएफसी २९७४ नुसार एका क्षेत्रातील, म्हणजे पुकारा जिथवर पोहोचतो त्या टापूतील, साऱ्या जाहिरातींनी मिळून सर्वसाधारणपणे सेकंदाला ४,००० बिटच वापरायचे. जाहिरात ५०० बाइटची धरली, तर सेकंदाला एकच मावते. सत्रे हजार झाली, की प्रत्येकीची पाळी सुमारे सतरा मिनिटांनी येते. सूची जितकी समृद्ध, तितकी ती नवागताला उशिरा उलगडते. हा तोल नीट समजला, की विषयाचा गाभा हाती आला.

वाचकांनी सुरुवात जाहिरातीच्या मजकुरापासून, म्हणजे एसडीपीपासून करावी. तुम्ही एखादे वर्णन समोर ठेवा. सत्राचे नाव, वेळ, पत्ता, माध्यम अशा त्याच्या ओळी साध्या अक्षरांत असतात आणि थोड्या सरावाने वाचता येतात. मग पुकाऱ्याच्या नियमांकडे, म्हणजे एसएपीकडे वळा. राउटरांचे मार्गनिर्णय शेवटी अभ्यासले तरी चालतील.

मल्टिकास्ट सामान्य इंटरनेटवर जगभर रुजले नाही, हे खरे. तरीही स्टुडिओतील नेटवर्क-ऑडिओची अनेक उपकरणे आजही एसएपीने आपले प्रवाह जाहीर करतात, आणि ब्राउझरमधून होणाऱ्या वेबआरटीसी कॉलची बोलणी एसडीपीतच होतात. म्हणजे तुम्ही या विद्येचा लाभ आधीच घेत आहात. आता तिची ओळखही करून घ्या.