दाहशामक आहार : वऱ्हाडातील

शरीरात वर्षानुवर्षे धुमसणारा सौम्य दाह कमी राहावा अशा बेताने घेतलेला रोजचा आहार. जखमेभोवती येणारी लाली आणि सूज हाही दाहच. पण तो जखम भरताच ओसरतो आणि शरीराच्या हिताचा असतो. पोटावरची चरबी, तंबाखू, बैठे काम, अपुरी झोप यांतून उद्भवणारा दाह जाणवत नाही आणि ओसरतही नाही. रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, इंटरल्यूकिन-६ यांच्या पातळीवरून तो ओळखतात. मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात आणि काही कर्करोगांशी त्याचा संबंध आहे.

अंगकाठी सडपातळ म्हणून माणूस यातून सुटला असे मानता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली.

अमरावती-अकोल्याकडच्या कोरडवाहू शेतीतून आलेले जुने ताट या दृष्टीने फार मोलाचे आहे : ज्वारीची किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची अथवा हरभऱ्याची भाजी, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी, कांदा आणि जवसाची चटणी. ज्वारी आणि डाळींतील तंतू मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार होऊन आतड्याचे अस्तर सुस्थितीत राहते व दाह आवरला जातो. चिवळ आणि घोळ या रानभाज्यांत ओमेगा-३ मेदाम्लही असते; घोळीत तर ते बहुतेक पालेभाज्यांहून अधिक.

या ताटातला सर्वांत दुर्लक्षित घटक जवस. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ मेदाम्ल असते. शरीर त्याचा थोडाच भाग माशांत आढळणाऱ्या ओमेगा-३ मेदाम्लांत बदलू शकते; तरी समुद्रापासून इतक्या दूरच्या, बहुतांशी शाकाहारी घरांना याहून स्वस्त आणि हाताशी असलेला पर्याय नाही. अख्खे जवस न पचता बाहेर पडते, म्हणून ते भाजून, लाल मिरची, लसूण, जिरे, मीठ घालून कुटायची जुनी रीतच योग्य. कुटलेले जवस हवेने लवकर खवट होते. चटणी थोडी थोडी करावी. जवसाचे तेल भाकरीवर कच्चेच घ्यावे, तळणाला वापरू नये.

हळदीचा गवगवा मात्र तिच्या प्रमाणाहून मोठा आहे. तिच्यातला दाहशामक म्हणून गाजलेला घटक कुरक्युमिन साधारण तीन टक्के, आणि तेही रक्तात नीट शोषले जात नाही. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की, २ ग्रॅम कुरक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यास शोषण वीसपट वाढते. पायपरीन मिऱ्यात असते, तसेच अंजनगाव सुर्जी, अकोट परिसरात पानमळ्यांबरोबर पिकणाऱ्या पानपिंपरीतही. फोडणीतली चिमूटभर हळद चांगलीच. ती औषध नव्हे.

खरा पुरावा एका पदार्थाचा नाही, संपूर्ण आहाराचा आहे. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ चाचणीत (२०१३, सुधारित निष्कर्ष २०१८) सुमारे ७,४०० लोकांपैकी भूमध्यसागरी आहारासोबत ऑलिव्ह तेल किंवा कवचफळे घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. ती चाचणी ज्वारी-जवसाच्या ताटावर झालेली नाही. पण तंतू, डाळी, पालेभाज्या आणि असंतृप्त मेद हा सांगाडा दोन्हींत सारखा आहे. सोयाबीन आणि सरकीच्या तेलातील ओमेगा-६ मुळेच दाह वाढतो, हा लोकप्रिय समज मानवी चाचण्यांत टिकलेला नाही. तर्रीचा जाड थर, पुन्हा पुन्हा तापवलेले तळणाचे तेल, मैदा आणि साखर यांचा दोष मोठा.

हे ताट मोडले ते मुख्यतः शेतात. पूर्वी कपाशीच्या जोडीने खरीप ज्वारी असे. १९९० च्या आसपासपासून तिची जागा सोयाबीनने घेतली, आणि रेशनच्या गव्हा-तांदळाने भाकरीची गरज कमी केली. आता शिवारात एखाद्यानेच ज्वारी पेरली तर सगळी पाखरे त्याच तुकड्यावर उतरतात, रानडुकरे उरलेले संपवतात, आणि पुढच्या वर्षी तोही पेरत नाही. त्यामुळे केवळ ‘भाकरी खा’ असा उपदेश अपुरा ठरतो. अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ज्वारी आणि जवसाचे सुधारित वाण दिले आहेत; ते पेरण्याजोगा भाव मिळणे तितकेच निकडीचे आहे. मेळघाटात कोदो, कुटकी, सावा ही भरडधान्ये कोरकू शेतकऱ्यांनी राखली आहेत.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजलच खारट असल्याने चटणी, लोणचे, पापड यांतील मीठ विशेष जपून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी आहे. मूत्रपिंडाचा विकार जडलेल्यांनी डाळी आणि पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, कारण त्यांतील प्रथिने व पोटॅशियम त्यांना बाधू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जवस किंवा हळदीच्या कॅप्सूल स्वतःहून सुरू करू नयेत.