मरीआई कुणाची?

पंडित लोकांना 'समन्वय' हा शब्द फार आवडतो. या देशात आर्य आले, अनार्य होतेच, दोघांचे देव एकमेकांत मिसळले आणि त्यातून थोर संस्कृती झाली, असं शाळेच्या पुस्तकापासून विद्यापीठापर्यंत शिकवतात. आम्ही धाराशिव जिल्ह्यातली माणसं. ही मिसळण आम्हाला रोज डोळ्यांनी दिसते. पण एक सवाल त्या पुस्तकांत कधी येत नाही. देव मिसळला तेव्हा त्याचा पुजारी कुठं गेला? देव उचलून आत नेला आणि पुजारी उंबऱ्याबाहेर ठेवला, तर याला समन्वय म्हणायचं का दरोडा?

वस्तीपासूनच सुरुवात करू. मरीआईचं ठाणं म्हणजे लिंबाखालचा शेंदूर फासलेला दगड, फार तर चार पत्र्यांचं छप्पर. जागा गावकुसाबाहेर, महारवाड्या-मांगवाड्याच्या अंगाला. मरी म्हणजे पटकी. एरवी त्या बाजूला न फिरकणारा पाटील-कुलकर्णी साथ आली की तिच्यापुढं हात जोडून उभा. आणि मधी कोण? पोतराज. बहुतेक ठिकाणी मांगाचा, कुठं महाराचा. कमरेला खणांचा घागरा, पायात घुंगरं, कपाळभर मळवट, पाठीवर सोडलेले केस, हातात कोरडा. बाईच्या डोक्यावर देवीचा देव्हारा. उघड्या अंगावर कोरडा ओढून तो गावाचं दुखणं स्वतःवर घ्यायचा. तेवढे दिवस गावाचा वैद्य तोच, भटजी तोच. साथ सरली की सूपभर दाण्यासाठी परत दारोदार.

तरी साथ हटली न्हाई तर मरीआईचा गाडा निघायचा. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात देवी, वाजतगाजत शिवेपलीकडं नेऊन सोडायचा. पलीकडच्या गावानं तो पुढच्या शिवेवर ढकलायचा. रोग साऱ्या गावाचा, गाडा ओढणारे मात्र आम्ही. याच्यात कुठं समन्वय दिसला तर मला दाखवा.

हा पोतराज काल-परवा जन्मला न्हाई. तेलंगणात त्याला पोतराजू म्हणतात. तिथं तो सात बहिणी ग्रामदेवींचा भाऊ. आषाढात हैदराबादला बोनालूचा सण होतो, त्यात अंगाला हळद माखून, हातात आसूड घेऊन तो आजही देवीच्या पुढं नाचतो. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता, पण देवदेवस्कीची ही ये-जा निजामाच्या कितीतरी आधीची. दक्षिणेत मारिअम्मा, आपल्याकडं मरीआई. एकाच गोतावळ्यातल्या बाया.

या मारिअम्माची तमिळ मुलखातली एक कथा ऐका. परशुरामानं आईचं डोकं उडवलं हे आपल्याला ठाऊक आहे. तिकडची कथा पुढं जाते. त्या बाईनं जीव वाचवायला एका अस्पृश्य बाईला मिठी मारली आणि एका घावात दोघींची मुंडकी गेली. मग पोराला वर मिळाला, पण डोकी बसवताना अदलाबदल झाली. बामणीचं डोकं अस्पृश्य बाईच्या धडावर बसलं आणि तीच मारिअम्मा झाली. हजार पानांच्या ग्रंथात समन्वयाचं इतकं खरं वर्णन सापडणार न्हाई. डोकं त्यांचं, राबणारं धड आमचं.

दुसरी कथा रेड्याची. हेन्री व्हाइटहेड हा मद्रासचा बिशप. त्यानं १९१६ साली दक्षिणेतल्या ग्रामदेवतांवर पुस्तक काढलं, त्यात ती आहे. एक अस्पृश्य तरुण जात लपवून बामणाच्या पोरीशी लग्न करतो. भेद फुटतो. बायकोची देवी होते, नवऱ्याचा रेडा होतो, आणि दर जत्रेत देवीपुढं तो रेडा कापायचा. कापायला पुढं कुणाला करायचं? अस्पृश्यालाच. म्हणजे जातीबाहेर लगीन केल्याची सजा दरवर्षी, आणि ती बजावणाराही आपलाच माणूस.

हे डोक्यात ठेवून आता तुळजापूरला चला. काळ्या पाषाणाची अष्टभुजा मूर्ती, पायाखाली महिषासुर. देवळातून बाहेर पडून कुठल्याही शेताच्या बांधावर जा, शेंदूर लावलेला म्हसोबा भेटेल. देवळात जो पायाखाली तुडवलेला, तोच बांधावर राखणदार. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलं. पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी म्हस्कोबा देवीचा नवरा आहे, आणि दुसरीकडं देवीच त्याला मारते. कोसंबींचं म्हणणं असं की या देवांची भांडणं आणि लग्नं म्हणजे त्यांना पुजणाऱ्या माणसांच्या टोळ्यांची भांडणं आणि लग्नं. मग तुळजापुरात पायाखाली कोण आहे, हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

खरं तेही सांगतो. तुळजापुरात सगळंच भटांच्या ताब्यात गेलं न्हाई. तिथले भोपे पुजारी मराठा कुळातले. नवरात्राच्या होमाला तिथं अजाबळी होतो. गोंधळ्याचं संबळ, आराध्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ, हातातला पोत, हे सगळं जुनंच. देवीचं लोकांतलं नावही तुकाई. पण त्या नावालासुद्धा रामाची कथा चिकटवली. पार्वती सीतेचं रूप घेऊन आली, रामानं ओळखलं आणि विचारलं, 'तू का आई?' म्हणून तुकाई! आई ती आधीचीच होती. ओळखपत्रावर सही मात्र रामाची लागली.

देवीचं झालं तेच बुद्धाचंही झालं, आणि त्यासाठी जिल्ह्याबाहेर जायला नको. तेर म्हणजे जुनं तगर. पेरिप्लस या ग्रीक खलाशाच्या टिपणात ज्याचं नाव आहे ते व्यापारी शहर. तिथं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. हेन्री कझिन्सनं ते तपासून सांगितलं की ही मुळात बौद्ध चैत्याची वास्तू. पुढं उत्खननात तेरला विटांचा स्तूपही निघाला, पाया चाकाच्या आऱ्यांसारखा. आज आत त्रिविक्रम म्हणजे वामन उभा आहे. बळीच्या डोक्यावर पाय देणारा तो. चैत्यात बसवायला बरोबर हाच देव सापडावा!

आता कुणी म्हणेल, हा फक्त बामणी धर्माचा दोष, परका धर्म घेतला की सुटलो. बघू. जुन्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळ हरेगाव आहे. तिथं सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. मतमाउली म्हणजे येशूची आई मेरी. यात्रेला येणाऱ्यांत महार-मांगांतून ख्रिस्ती झालेली घरं खूप. नवस बोलतात, फेडतात, लेकरं पायावर घालतात. आमच्या बाया मरीआईपुढं जशा उभ्या राहतात तशाच त्या मेरीपुढं उभ्या. मला यात हसण्यासारखं काही दिसत न्हाई. पण यांची जात सुटली का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदूंशिवाय कुणाला अनुसूचित जातीत धरलं न्हाई. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. सवलत गेली, आणि गावानं मांगाला मांग म्हणणं काही सोडलं न्हाई.

मेरीची ही गोष्ट आपल्यापुरती नाही. फिलिपाइन्स बेटांवर स्पेनच्या लोकांनी हेच केलं, आणि तिथं पुजाऱ्याचं काय झालं ते साफ दिसतं. १५२१ साली मॅगेलननं सेबूच्या राणीला बाळ येशूची मूर्ती दिली. १५६५ साली स्पॅनिश परत आले तेव्हा ती मूर्ती एका घरात सापडली. लोकांनी तिला आपल्या अनितोत, म्हणजे आपल्या जुन्या देव-पितरांत, धरलं होतं. त्या अनितोंशी बोलणारी, आजार काढणारी असे ती बाबायलान. बहुतेक बाईच. पाद्र्यांनी तिला चेटकीण ठरवलं. १६२१ साली बोहोल बेटावर तांबलोत नावाच्या एका पुरुष बाबायलाननं बंड केलं, ते चिरडलं. आज मनिलाच्या कियापो चर्चमधल्या काळ्या येशूमागं ९ जानेवारीला लाखो लोक धावतात, आणि चर्चबाहेरच्या रस्त्यावर जडीबुटी अन् ताईत विकायला बसतात. मूर्तीला आत जागा मिळाली. ताईतवाली बाहेरच.

परत आपल्याकडं येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश नाही, राम-कृष्ण नाही, गौरी-गणपती आणि हिंदू धर्मातले इतर देव नाहीत. मरीआईचं नाव त्यात घेतलेलं न्हाई. आमच्या लोकांनी ठिकठिकाणी देव विहिरीत, नदीत टाकले, पोतराजांचे केस उतरवले. बरोबरच केलं. त्या कोरड्यानं आमची पाठ फाटली होती, गावाची न्हाई. मीही मरीआईला हात जोडत न्हाई. पण ती इतर हिंदू देवांतली एक, हे मी का कबूल करू? हे कबूल केलं की बामणांचा दावाच खरा ठरला. ती आमच्या भुकेची, आमच्या साथीच्या मरणाची आई होती. तिला पुजू नका म्हणणं वेगळं, आणि ती तुमची कधी नव्हतीच म्हणणं वेगळं.

हे बोलायची घाई एवढ्यासाठी की आमच्या तालुक्यात ठाण्यांचे जीर्णोद्धार सुटलेत. फरशी, संगमरवरी मूर्ती, दानपेटी, कमिटी. फलकावर मरीआई जाऊन महालक्ष्मी येते. कमिटीत ना मांग, ना महार. वाचकांनी आपापल्या गावच्या ठाण्याची माहिती लिहून पाठवावी: दगड कुठं होता, त्याची राखण कोण करायचं, पोतराज कुठल्या घरातला, गाडा कुठल्या शिवेपर्यंत जायचा, आणि आज दानपेटीची किल्ली कुणाकडं आहे. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा. पोस्टकार्डावर पाठवलं तरी चालेल.