जोडणीची मुखत्यारी

दूरध्वनीचा इतिहास सांगू लागले की लोक बहुधा कानाला लावावयाच्या यंत्राविषयीच बोलतात. परंतु त्या यंत्राला अर्थ येतो तो जेथे एक तार दुसरीला जोडली जाते त्या एक्स्चेंजमुळे, आणि ही जोडणी करून देण्याची मुखत्यारी कोणाकडे होती, हाच माझ्या मते या इतिहासाचा गाभा होय.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांनी त्या मुखत्यारीचे अंतर पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. १८६१ साली आगगाडी शहापूर तालुक्यातील कसाऱ्यास पोचली, मुरबाडला ती आजही नाही. दूरध्वनीचेही तसेच: मुंबईत १८८२ मध्ये एक्स्चेंज उघडले, तरी ट्रंक कॉलच्या जमान्यात या तालुक्यांतल्या डोळखांब-टोकावड्याकडील माणसाला परगावी बोलावयाचे तर कॉल नोंदवून ताटकळत बसण्यावाचून गत्यंतर नसे. तातडी असेल तर अधिक दराचा ‘अर्जंट’, आणि प्राणाशी गाठ असेल तर साध्याच्या आठपट दराचा ‘लायटनिंग’, असा सरकारी दूरध्वनी खात्याचा शिरस्ता होता. दुःखाची बातमीदेखील ऐपतीप्रमाणे लवकर वा उशिरा पोचे, हे आठवले की आजही मन विषण्ण होते.

हे चित्र पालटण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने केला. खेड्यातील उष्मा व धूळ सोसणारे, वातानुकूलनावाचून चालणारे १२८ पोर्टांचे एक्स्चेंज तिने घडविले आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम सुरू झाले. तरी त्या पेटीची किल्ली खात्याच्याच कमरेला राहिली.

ती किल्ली सर्वांस खुली झाली १९९९ च्या सुमारास. अमेरिकेतील मार्क स्पेन्सर या तरुणास आपल्या छोट्या व्यवसायासाठी टेलिफोन यंत्रणा हवी होती. तयार यंत्रणेची किंमत परवडेना, म्हणून त्याने ती आज्ञावलीच्या रूपाने स्वतःच लिहिली, ॲस्टरिस्क असे तिचे नाव ठेवले आणि ती मुक्त परवान्याखाली जगाच्या स्वाधीन केली. लिनक्सवर चालणाऱ्या साध्या संगणकावर मूळ आज्ञावली उतरवून घ्यावी, ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ व ‘मेक इन्स्टॉल’ हे हुकूम क्रमाने द्यावेत, की एक्स्चेंज उभे राहते. पुढचे खरे काम ‘एक्स्टेन्शन्स’ नावाच्या फाइलीत असते: १०१ हा आकडा फिरवला असता अमुक यंत्राची घंटा वीस सेकंद वाजवावी, कोणी न उचलल्यास निरोप ध्वनिमुद्रित करावा, असे तेथे ओळीओळीने लिहावयाचे. ऑपरेटर जे हाताने करी, आणि खात्याची पेटी जे बंद दाराआड करी, ते येथे दहावीच्या मुलालाही वाचता येते.

या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांच्या व आश्रमशाळांच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, निदान आपल्या आवारापुरते असे एक एक्स्चेंज त्यांनी विद्यार्थ्यांच्या हातून बसवून घ्यावे. त्यास एक जुना संगणक पुरतो, आणि आज्ञावलीला मोल पडत नाही.