भाग: काकांची बाराबोर आणि कलम शंभर

ज्यांना बसमध्ये हेडफोन लावायचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. विहिरीवरच्या मोटारीची केबल तिसऱ्यांदा चोरीला गेली होती आणि काका भयंकर तापले होते. त्यांच्याकडे रानडुकरांसाठी घेतलेली लायसनची बाराबोर आहे. (इलेक्शन लागलं की ती पोलीस ठाण्यात जमा होते, तेव्हा डुकरांची दिवाळी.) जेवताना ते म्हणाले, "अरे, तू शिकलेला आहेस ना? सांग बरं, आपल्या रानात चोर घुसला तर बार टाकता येतो ना? व्हॉट्सॲपवर आलंय, स्वसंरक्षणात केस होत नाही म्हणून."

मी बीटेक, वकील नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि शोधत शोधत थेट मेकॉलेपर्यंत पोचलो.

हो, तोच शिक्षणवाला मेकॉले. 1834 मध्ये पहिला कायदा आयोग बसला, त्याचा तो अध्यक्ष. 1837 मध्ये त्यांनी दंडसंहितेचा मसुदा दिला. त्यात स्वसंरक्षणाचा हक्क बराच सैल ठेवला होता, आणि कारण वाचून मला हसू आलं. मेकॉलेचं म्हणणं, इथली माणसं अन्याय जरा जास्तच मुकाट सोसतात, त्यांना प्रतिकाराची सवय लागायला हवी! कायदा पास झाला 1860 मध्ये, लागू झाला 1 जानेवारी 1862 पासून. कलम 96 ते 106. खून, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण अशा हल्ल्यांत हल्लेखोराचा जीव घेतला तरी तो गुन्हा नाही, हे कलम 100.

आणि मग 1878. लिटनसाहेबांनी शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला हत्यार ठेवायला परवाना, युरोपियनांना सूट. म्हणजे एका हाताने हक्क दिला, दुसऱ्या हाताने बंदूक काढून घेतली. टिळकांनी जून 1908 मध्ये 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' लिहिलं, त्यात हा निःशस्त्र करण्याचा मुद्दा होता. त्या लेखावरही राजद्रोहाचा खटला चालला आणि मंडालेची सहा वर्षं मिळाली.

पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते 1962 च्या एका निकालात. 'जयदेव विरुद्ध पंजाब राज्य'. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर, आपल्या साताऱ्याचे, पुढे सरन्यायाधीश झाले.

प्रकरण असं. जानेवारी 1960, आजच्या हरियाणातलं अहरोड गाव. शेत कोणाच्या ताब्यात यावरून वाद. गावकऱ्यांचा जमाव शेतात आला आणि आरोपींच्या बाजूने गोळ्या सुटल्या. सहा माणसं मेली. आरोपींचं म्हणणं, आम्ही स्वतःला आणि शेताला वाचवत होतो. आता इथे गंमत बघा. शेत आरोपींच्याच ताब्यात होतं आणि बचावाचा हक्क त्यांना होता, हे कोर्टाने मान्य केलं. पळून जायलाच हवं होतं असंही कायदा म्हणत नाही. आणि जीव धोक्यात असताना माणूस प्रत्येक फटका सोनाराच्या काट्यावर तोलत बसत नाही, हेही कोर्टाला कळतं. पण पहिला माणूस पडला आणि बाकीचे पळायला लागले. गोळ्या त्यानंतरही चालू राहिल्या, लांब पळणाऱ्यांवर. कोर्ट म्हणालं, लोकांनी पाठ फिरवली त्या क्षणी तुमचा हक्क संपला. अपील फेटाळलं.

कोडिंगवाल्यांनो, आपण याला 'इफ' समजतो. एकदा चोर शिरला की कंडिशन ट्रू, मग काहीही करा. खरं तर हा 'व्हाईल' लूप आहे. प्रत्येक गोळीच्या आधी पुन्हा चेक होतो: धोका अजून आहे का?

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. हा हक्क आता कलम 34 ते 44 मध्ये आहे. जीव घेण्याची मुभा देणारं जुनं 100 आता 38 झालंय. ॲसिड हल्ला त्यात 2013 मध्येच आला होता. मालमत्तेसाठी वेगळं कलम आहे, 41. त्यात दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग असल्या गोष्टी आहेत. साधी चोरी असेल तर तेव्हाच, जेव्हा आपण मरू किंवा जबर जखमी होऊ अशी खरीखुरी भीती असेल. आणि हे सगळं होतं असं दाखवायची जबाबदारी आपल्यावर. केस होतेच. आधी एफआयआर, मग वकील, मग तारखा.

काकांना फोन करून सगळं सांगितलं. अहरोडचं पण.

"म्हणजे केबल घेऊन पळणाऱ्याला..."

"नाही काका. तो पळतोय."

बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "साडेचार हजारांची केबल होती रे."

गेल्या आठवड्यात त्यांनी विहिरीवर सोलरचा कॅमेरा बसवला. पासवर्ड माझ्याकडे आहे. रात्री अकराला पुण्यात बसून मी आमची विहीर बघतो.