वेस आणि खिडकी

अमरावती शहराच्या जुन्या वस्तीभोंवतीं दगडी परकोट आहे. पेंढाऱ्यांच्या धामधुमींत तेथील धनिक व्यापाऱ्यांचें संरक्षण व्हावें म्हणून निजामाच्या राजवटींत इ. स. १८०७ मध्यें त्याच्या बांधकामास आरंभ झाला. त्याला पांच वेशी आणि चार खिडक्या ठेवण्यांत आल्या. पुढें परकोट जागोजागीं ढासळला, वस्ती त्याच्या बाहेर दूरवर पसरली. तरी नागपुरी गेट, अंबागेट हीं नांवें लोकांच्या तोंडीं अद्याप आहेत. अनेकांचे व्यवहार एका दारापाशीं आणावयाचे, आणि त्या दारावर नियम कोणाचा चालावयाचा, हा प्रश्न वऱ्हाडास म्हणूनच नवा नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या जगांत तोच प्रश्न ‘पोर्टल’ या नांवानें पुन्हा पुढें आला. पोर्टल या शब्दाचा मूळ अर्थच महाद्वार असा आहे. आणि पोर्टलेट म्हणजे त्या महाद्वारांतील लहानशी खिडकी होय.

या महाद्वाराची गरज कां भासली, तें पाहणें उद्बोधक आहे. आंतरजालावरील संकेतस्थळें वाढूं लागलीं, तसा वाचक गोंधळून गेला. १९९४ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनीं संकेतस्थळांची एक वर्गवार सूची तयार केली. तीच पुढें ‘याहू’ या नांवानें प्रसिद्धीस आली. १९९६ मध्यें याहूनें वाचकास स्वतःचें पृष्ठ मांडण्याची सोय दिली. बातम्या, हवामान, समभागांचे भाव यांपैकीं ज्यास जें हवें, तें त्यानें आपल्या पृष्ठावर ठेवावें, नको तें काढून टाकावें. ही सोय पाहून मोठमोठ्या पेढ्या, कारखाने व विद्यापीठें यांनाहि आपल्या घरची अडचण जाणवली. कोठाराचा हिशेब एका ठिकाणीं, पगाराची नोंद दुसऱ्या ठिकाणीं, रजेचा अर्ज तिसऱ्या ठिकाणीं. आणि प्रत्येक दारीं निराळें नांव व निराळा परवलीचा शब्द! या सर्वांस मिळून एकच दार असावें, या विचारांतून संस्थांच्या पोर्टलांचा जन्म झाला.

याची रचना समजण्यास अकोल्याच्या एखाद्या सरकी काढण्याच्या कारखान्याची कल्पना करावी. कारकून सकाळीं संगणकावर एकदांच आपलें नांव व परवलीचा शब्द देतो. त्याच्यापुढें एक पृष्ठ उघडतें. त्यांत एका चौकटींत गांठींचा साठा, दुसरींत बाजारभाव, तिसरींत रजेचा अर्ज असतो. यांतील प्रत्येक चौकट म्हणजे एक पोर्टलेट. ती स्वतंत्र आज्ञावली असते. आपल्यापुरती माहिती आणून आपल्यापुरताच मजकूर ती तयार करते. ते सर्व तुकडे जुळवून संपूर्ण पृष्ठ वाचकापुढें मांडणें हें पोर्टलाचें काम. चौकट लहान करणें, मोठी करणें, तिच्या आवडीनिवडी बदलणें, यांची रीत ठरलेली असते. कारकुनास जें दिसतें त्याहून व्यवस्थापकास अधिक दिसतें. कारण कोणास काय दाखवावयाचें, हें दाराशींच ठरतें.

परंतु आरंभीं येथें एक मोठी उणीव होती. प्रत्येक कंपनीनें आपल्या पोर्टलाची घडण आपल्यापुरती ठेवली होती. एकीच्या पोर्टलासाठीं केलेली खिडकी दुसरीच्या पोर्टलांत बसत नसे. ज्या संस्थेनें एकदां एका कंपनीचें दार घेतलें, तिला पुढील सर्व खिडक्या त्याच कंपनीच्या मापानें कराव्या लागत. यावर उपाय म्हणून जावा या संगणकभाषेच्या जाणकार मंडळींनीं, आय. बी. एम. व सन या कंपन्यांच्या पुढाकारानें, एक समान संहिता तयार केली. ‘जे. एस. आर. १६८’ या नांवाची ही संहिता ऑक्टोबर २००३ मध्यें पूर्ण झाली. जून २००८ मध्यें आलेल्या ‘२८६’ क्रमांकाच्या दुसऱ्या संहितेनें एका खिडकीनें दुसरीस निरोप देण्याची सोय केली. तिसरी संहिता २०१७ सालीं आली. आतां खिडकी कोणीहि करावी, आणि संहिता पाळणाऱ्या कोणत्याहि दारांत ती बसवावी, असें झालें.

संहितेनें माप एक केलें, पण दाराची किंमत आणि त्याची किल्ली यांचा प्रश्न उरलाच होता. तो मुक्तस्रोत चळवळीनें हातीं घेतला. आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस पाहण्यास, वापरण्यास, सुधारण्यास व वांटण्यास मोकळा असावा, हें या चळवळीचें तत्त्व. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हांपासून हा विचार बळावला. ‘ओपन सोर्स’ हें नांव मात्र १९९८ सालचें. १९९९ सालीं स्थापन झालेल्या अपाची संस्थेच्या छत्राखालीं ‘जेटस्पीड’ हें पोर्टल आणि संहितेचा नमुना म्हणून ‘प्लूटो’ ही प्रणाली वाढली. अमेरिकेंतील विद्यापीठांनीं एकत्र येऊन ‘यूपोर्टल’ सिद्ध केलें. सेवाभावी संस्थांनाहि परवडावें म्हणून ब्रायन चॅन यांनीं २००० सालीं ‘लाइफरे’ या पोर्टलाचा पाया घातला. मुक्त याचा अर्थ बिनखर्ची असा मात्र नव्हे. आज्ञावली फुकट मिळाली, तरी ती बसविणारा, राखणारा आणि वेळेवर दुरुस्त करणारा जाणता मनुष्य लागतोच. तथापि तो मनुष्य कोण असावा, हें आपलें आपण ठरवितां येतें, हा लाभ थोडा नव्हे.

भारतांत २००५ सालीं राष्ट्रीय पोर्टल सुरू झालें, २००६ मध्यें राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर झाली, आणि २०१५ सालीं शासकीय प्रणालींत मुक्तस्रोत आज्ञावलींस प्राधान्य देण्याचें धोरण केंद्र सरकारनें जाहीर केलें. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत लोकसेवा हक्काचा कायदा झाला; उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला इत्यादींसाठीं ‘आपले सरकार’ हें एकच दार नागरिकांस मिळालें. २०१६ सालीं शेतमालासाठीं ‘ई-नाम’ हा देशव्यापी बाजार आंतरजालावर उघडला.

या शेवटच्या गोष्टीपाशीं वऱ्हाडचा इतिहास आठवल्यावांचून राहत नाहीं. हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित कापूसबाजार १८८६ सालीं कारंजा येथें, हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमानें, स्थापन झाला. १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांस शुद्ध कापूस योग्य भावानें मिळावा, हा त्यामागील एक हेतु होता. तरी त्यापासून एक मोठी गोष्ट निष्पन्न झाली: जागा एक, माप एक, दलालीचे नियम एक. १९२८ सालीं शेतकी विषयाच्या रॉयल कमिशननेंहि नियंत्रित बाजारांची शिफारस करतांना वऱ्हाडचा अनुभव विचारांत घेतला. परंतु १८९७ च्या कायद्यानें नेमावयाच्या बाजार-समितींत पांच सभासद असत. दोन नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थांचे, आणि तीन कापसाच्या व्यापाऱ्यांतले. ज्याची गाडी बाजारांत उभी, त्या कुणब्यास तेथें जागा नव्हती. दार सर्वांस मोकळें होतें, नियम लिहिलेले होते. पण ते नियम बदलण्याचा अधिकार त्याच्या हातीं नव्हता. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यानें बाजार-समित्यांत शेतकऱ्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींस स्थान दिलें.

संगणकाच्या महाद्वारासहि हीच कसोटी लावली पाहिजे. मोबाइलचा प्रसार झाला, नवीन रीती आल्या, आणि पोर्टलेट हा शब्द पूर्वीइतका ऐकूं येईनासा झाला. पण स्वतंत्र खिडक्या जुळवून एक दार करण्याची कल्पना टिकून आहे. पोर्टलेटाच्या संहितेंत आरंभापासून एक लहानशी तरतूद होती. खिडकीवरील शब्द आज्ञावलीपासून वेगळे, भाषेगणिक निराळ्या फाइलींत ठेवण्याची ती सोय. आज्ञावली मुक्त असेल, तर अमरावतीचा एखादा तरुण त्यांत मराठीची फाइल घालूं शकतो, आणि ती घालण्यास त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाहीं. आज्ञावली बंद असेल, तर त्याला अर्ज करून वाट पाहावी लागते. दर्यापूरच्या शेतकऱ्यास पडद्यावरील मजकूर आपल्या भाषेंत वाचतां आला, आणि त्यांतील चूक दुरुस्त करून घेतां आली, तरच तें दार त्याचें म्हणावयाचें. एरवीं वेस मोठी आणि उघडी असूनहि, समितींत जागा नसलेल्या त्या कुणब्याप्रमाणें तो दाराबाहेरच उभा राहील.