दसवंताची रेघ

पालखी वाहून पोट भरणाऱ्या एका कहाराच्या घरीं दसवंताचा जन्म झाला. चित्रकलेचें वेड त्याला इतकें होतें कीं, तो भिंतींवरहि आकृति काढीत असे. एके दिवशीं अकबर बादशहाची नजर त्याच्यावर पडली आणि बादशहानें त्याला ख्वाजा अब्दुस्समद या इराणी उस्तादाच्या स्वाधीन केलें. थोड्याच काळांत हा कहाराचा मुलगा सर्वांच्या पुढें गेला, एवढें सांगून 'ऐन-इ-अकबरी'चा कर्ता अबुल फजल मोकळा होतो. मधला काळ, म्हणजे शिकण्याचा काळ, त्यानें वगळला आहे. इतिहासकारांची ही जुनी खोड! उस्तादांचीं नांवें ते जपून ठेवतात. उमेदवारीचीं वर्षें मात्र चित्रांवरून आणि चित्रशाळेच्या रीतींवरूनच ताडावीं लागतात.

या चित्रशाळेचें मूळ हुमायूनाच्या दरबारांत होतें. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोघे इराणांतून इ. स. १५४९ च्या सुमारास काबूलला आले. लहानपणीं अकबरानेंहि त्यांच्याजवळ धडे घेतले होते. तेव्हां नवशिक्याचा हात कोठें अडतो हें त्याला अनुभवानें ठाऊक असावें. पुढें 'हम्झानाम्या'चीं सुमारें १,४०० मोठीं चित्रें करण्याचें काम निघालें. तें पंधराएक वर्षें चाललें. उस्ताद थोडे आणि काम अफाट, म्हणून देशी चित्रकार मोठ्या संख्येनें दरबारांत आले, आणि तें कामच त्यांची शाळा झाली.

भिंतीवर आकृति काढणें वेगळें आणि वीतभर पानावर बोटाएवढीं माणसें उभीं करणें वेगळें. या विद्येचा आरंभ कुंचल्यापासून नव्हे, खलबत्त्यापासून होई. हिंगूळ, हरताळ, नीळ, लाजवर्द हे रंग घोटून घोटून लोण्यासारखे मऊ करावे लागत. मग त्यांत डिंकाचें पाणी पडे. डिंक कमी झाला तर रंग भुकटी होऊन झडे, अधिक झाला तर त्याला भेगा पडत. कागदावर कागद चिकटवून केलेली वसली अकीकाच्या दगडानें घासून गुळगुळीत करावयाची. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. ते केस पक्ष्याच्या पिसाच्या नळींत ओवून बांधीत. रेखाटनाचा सराव जुन्या आकृति गिरवून होई. हरणाच्या पातळ कातड्यावर आकृतीची रेघ उतरून घेत, तिच्यावर सुईनें बारीक छिद्रें पाडीत आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटीत. खालीं ठिपक्यांचा माणूस उमटे. त्याला जिवंत करण्याची जबाबदारी शिकणाऱ्याच्या हाताची.

एक चित्र बहुधा एकाच हातचें नसे. आराखडा व रेखाटन, म्हणजे 'तरह', उस्तादाचें. रंगकाम, म्हणजे 'अमल', दुसऱ्याचें. आणि चेहरे कधीं तिसऱ्याच निष्णात चित्रकाराकडे जात. कारकून पानाच्या कडेला हीं नांवें टिपून ठेवीत. दर आठवड्यास दारोगे व कारकून झालेलें काम बादशहापुढें मांडीत आणि गुण पाहून बक्षीस किंवा पगारवाढ मिळे.

या वांटणींत नवशिक्याची खरी परीक्षा होती. हे रंग पारदर्शक नसतात. रंगाचा थर चढला कीं खालची रेघ झांकली जाते आणि रंगविणाऱ्याला ती पुन्हां वरून ओढावी लागते. म्हणजे उस्तादाची रेघ शेवटीं दुय्यम चित्रकाराच्या मनगटावर अवलंबून! ती जशीच्या तशी उठवावी तर दुसऱ्याच्या हाताचें चालणें अंगीं मुरलें पाहिजे. चुकली तर उस्तादाचें चित्र बिघडलें. अशा कामांत शिकणाऱ्याची प्रतिभा मारली जाते असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वीं खरा नाहीं. आका रिझा या चित्रकाराचा मुलगा अबुल हसन बापाच्या हाताखालीं वाढला. इ. स. १६०० मध्यें, तेराव्या वर्षीं, त्यानें जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या चित्रांतील संत जॉनची आकृति उतरून काढली. तें रेखाटन ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयांत आहे. गिरविणाराच हा मुलगा पुढें इतका स्वतंत्र झाला कीं, इ. स. १६१८ मध्यें जहांगिरानें त्याला 'नादिर-उझ्-झमान' ही पदवी दिली, आणि बापाच्या कामाशीं त्याच्या कामाची तुलनाच होत नाहीं असें आपल्या आठवणींत लिहिलें.

दसवंताला असें दीर्घ आयुष्य लाभलें नाहीं. इ. स. १५८२ मध्यें अकबरानें महाभारताच्या फारसी भाषांतराची आज्ञा केली. त्या 'रज्मनाम्या'च्या अनेक चित्रांचें रेखाटन दसवंताकडे आलें. राक्षस, संहार, आकाशांत उसळणारे देव हे विषय जणू त्याच्यासाठींच राखून ठेवले होते. परंतु बुद्धीवर वेडाची छाया पडली आणि इ. स. १५८४ मध्यें त्यानें आत्महत्या केली. ग्रंथाचें काम त्याच्यामागें चालूच राहिलें. जयपूरच्या संग्रहांतील त्या प्रतीच्या पानांवर 'तरह' म्हणून दसवंताचें नांव आहे, आणि त्याच्या शेजारीं 'अमल' म्हणून दुसऱ्या कोणाचें तरी.